यॉन एल्स्टर आणि तर्कसंगत निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र वाचणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एल्स्टर नेमके कोण? आणि नाव 'जॉन' की 'यॉन'?

यॉन. रोमन लिपीत नाव Jon असं लिहितात, आणि नॉर्वेत J या अक्षराचा उच्चार 'य' होतो. इंग्रजी वर्गांतून 'जॉन' रूढ झालं आहे, पण ते चूकच.

जन्म १९४०, ऑस्लो. पॅरिसमध्ये रेमों आरों यांच्या मार्गदर्शनाखाली मार्क्सवर प्रबंध लिहून १९७२ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे ऑस्लो आणि शिकागो इथे अध्यापन केलं, १९९५ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि २००६ ते २०११ या काळात पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्येही अध्यासन सांभाळलं. त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणावं, तत्त्वज्ञ की समाजशास्त्रज्ञ, यावर ग्रंथपालांचंही एकमत होत नाही. 'सामाजिक सिद्धांतकार' हे त्यातल्या त्यात बसणारं बिरुद.

२. आमच्या पाठ्यपुस्तकात 'रॅशनल'ला 'विवेकी' म्हटलंय. चालेल का?

परीक्षेत चालेल, पण समजून घेताना घात होईल. मराठीत 'विवेक' म्हणजे चांगलं-वाईट, नित्य-अनित्य ओळखण्याची शक्ती. त्यात नीती आधीच मिसळलेली आहे. तर्कसंगत निवडीच्या सिद्धांतात ती नाही. माणसाला जे हवं आहे ते मिळवायला त्यानं बरोबर साधन निवडलं का, एवढंच तिथे तपासतात. घरफोडीची चोख योजना आखणारा चोर तर्कसंगत असू शकतो, विवेकी नव्हे.

खुद्द एल्स्टर हा फरक करतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रेंच नीतिचिंतकांचा आधार घेऊन ते 'रेझाँ' आणि तर्कसंगती वेगळ्या काढतात. पहिलीत निःपक्षपातीपणा आणि सर्वांच्या दूरगामी हिताचा विचार येतो, म्हणजे आपला 'विवेक' तिच्याजवळचा. म्हणून या पानावर 'तर्कसंगत' हाच शब्द वापरला आहे.

३. एखादी कृती तर्कसंगत आहे की नाही हे ठरवायचं कसं? पायऱ्या सांगा.

तीन पायऱ्या आहेत, आणि तिन्ही पार व्हाव्या लागतात. उदाहरण म्हणून ३५,००० रुपयांची जुनी स्कूटर घेणारा माणूस घेऊ.

पहिली पायरी कृतीची. त्याच्या इच्छा आणि समजुती जशा आहेत तशा गृहीत धरल्या, तर ही खरेदी त्याच्यासाठी सगळ्यात चांगला मार्ग आहे का?

दुसरी पायरी समजुतीची. 'इंजिन चांगलं आहे' ही त्याची समजूत हातातल्या पुराव्यातून निघते का? पुरावा म्हणून फक्त विकणाऱ्याचा शब्द असेल, तर नाही. इथे एक बारकावा सुटतो: समजूत खरी निघाली म्हणजे ती तर्कसंगत होती असं नाही. गाडी नशिबानं चांगली निघाली तरी निर्णय आंधळाच होता. उलट नीट तपासूनही गाडी बिघडली, तर निर्णयात दोष नाही.

तिसरी पायरी पुरावा गोळा करण्याची, आणि गाडं अडतं ते बहुधा इथेच. ५०० रुपये देऊन मेकॅनिकला दाखवणं हे हजारोंच्या संभाव्य खर्चापुढे किरकोळ आहे, तेव्हा न दाखवणं ही चूक. पण सहा मेकॅनिकांना दाखवत महिनाभर बसनं प्रवास करणं हीसुद्धा चूकच. प्रमाण किती, ते पणाला काय लागलं आहे त्यावर ठरतं.

आता या रचनेत एक वाट बंद आहे. 'मला ही गाडी हवी आहे' इथून थेट 'ही गाडी चांगली आहे' इथे उडी मारता येत नाही. ती मारली की तो इच्छाधीन विचार. इच्छेनं शोध किती करायचा हे ठरवावं, शोधाचा निष्कर्ष ठरवू नये. तरी एक चोरवाट उरतेच: मनासारखं उत्तर आल्याबरोबर शोध थांबवायचा. प्रत्येक पुरावा खरा, प्रत्येक अनुमान बरोबर, आणि तरी सगळं मिळून आत्मवंचना. ही पकडायला सर्वांत अवघड.

४. इच्छाच मूर्खपणाची असेल तर?

सिद्धांताच्या दृष्टीनं फरक पडत नाही. समजुती तपासल्या जातात, इच्छा नाही. परोपकार, सूड, प्रसिद्धी, काहीही चालतं. 'तर्कसंगत म्हणजे स्वार्थी' हे समीकरण उत्तरपत्रिकांत सर्रास दिसतं. ते काढून टाका. मात्र एल्स्टर इच्छांना सरसकट मोकळं सोडत नाहीत. इच्छा कशी घडली हा वेगळा प्रश्न ते विचारतात (प्रश्न ८).

५. तर्क नेहमी एकच उत्तर देतो का?

नाही, आणि हे मान्य करण्यात एल्स्टर अनेक अर्थशास्त्रज्ञांपेक्षा पुढे आहेत. त्यांचं नेहमीचं उदाहरण अपघातस्थळी पोहोचलेल्या डॉक्टरचं आहे. तपासणी फार लांबवली तर रुग्ण दगावतो, फार आटोपली तर उपचार चुकतो. मध्ये कुठेतरी योग्य बिंदू आहे, पण तो कुठे आहे हे शोधायलाच वेळ लागतो.

तर्काला झेपत नाही तिथेही तर्कानंच उत्तर काढण्याच्या हट्टाला ते 'अतितर्क' म्हणतात आणि तो अतार्किकपणाचाच प्रकार मानतात. १९८९ च्या 'सॉलोमोनिक जजमेंट्स'मध्ये त्यांनी घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कोणाकडे हा प्रश्न घेतला. आई आणि वडील दोघेही सांभाळायला लायक असतील, तर 'मुलाच्या सर्वोच्च हिता'साठी लांबलेला खटला मुलालाच पोळतो. अशा वेळी चिठ्ठी टाकून निर्णय घेण्याचा विचार का करू नये, असं ते विचारतात. ऐकताना धक्का बसतो, पण उत्तर द्यायला बसलं की आक्षेप वाटतो तितका सोपा राहत नाही.

६. 'यंत्रणा' म्हणजे काय? सरकारी यंत्रणा का?

नाही, हा शब्द मराठीत आधीच अडकलेला असल्यानं गोंधळ होतो. एल्स्टरच्या लेखी यंत्रणा म्हणजे वारंवार दिसणारा, चटकन ओळखू येणारा कार्यकारणाचा नमुना. तो केव्हा सुरू होईल किंवा त्याचा शेवट काय होईल हे मात्र आधी सांगता येत नाही. नियम सांगतो: 'अ झालं की ब होतंच.' यंत्रणा सांगते: 'अ झालं की कधी कधी ब होतं, आणि झालं तर ते या वाटेनं होतं.'

त्यांच्या मते अशा यंत्रणांचा साठा म्हणींमध्ये असतो, आणि म्हणी परस्परविरोधी जोड्यांनी का येतात याचं कारणही हेच. मराठीत पाहा: 'खाण तशी माती' आणि 'दिव्याखाली अंधार'. दारुड्या बापाचा एक मुलगा बाटली धरतो, दुसरा आयुष्यभर थेंबाला शिवत नाही. एल्स्टर स्वतः हेच दारूचं उदाहरण देतात. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. नियम म्हणून घेतल्या तर एकमेकींना खोडतात, यंत्रणा म्हणून घेतल्या तर दोन्ही टिकतात.

यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात दोनपैकी कोणती सुरू होईल ते माहीत नसतं, जसं वरच्या दोन भावांत. दुसऱ्या प्रकारात दोन्ही एकदम सुरू होतात आणि उलट दिशांना ओढतात. माहीत नसतं ते बेरजेचं चिन्ह. आयकर वाढला की जादा तासाची कमाई घटते, म्हणून माणूस काम कमी करेल. पण घरखर्च तोच असतो, म्हणून तो काम जास्तही करेल. निव्वळ परिणाम कुठला, हे घरबसल्या ठरत नाही.

७. भाकीत करता येत नाही, तर हे शास्त्र कसलं? मागाहून काहीही जोडता येईल की.

जोडता येतं, म्हणूनच एल्स्टर स्पष्टीकरणाला शिस्त लावतात. 'एक्सप्लेनिंग सोशल बिहेविअर' (२००७) या ग्रंथात दिलेला क्रम प्रबंध लिहिणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवावा असा आहे.

आधी हाताशी असलेला, आश्वासक वाटणारा सिद्धांत निवडा. त्यातून असं गृहीतक काढा की समोरची घटना त्यातून तर्कानं निघेल. मग त्याच घटनेची दुसरी शक्य स्पष्टीकरणं स्वतःच मांडा. प्रत्येक प्रतिस्पर्धी खरा असता तर आणखी काय दिसायला हवं होतं ते शोधा, आणि ते दिसत नाही हे दाखवा. शेवटी तुमचं गृहीतक खरं असेल तर आणखी कोणती, शक्यतो अनपेक्षित, गोष्ट दिसायला हवी ते सांगा आणि ती दिसते हे दाखवा.

बहुतेक प्रबंध दुसऱ्या पायरीवर थांबतात. घटना आपल्या सिद्धांतात बसली की लेखक खूश. पण असं घडलं असू शकतं ही झाली कथा, असंच घडलं हे झालं स्पष्टीकरण. या दोहोंतलं अंतर तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत आहे. सहसंबंध दाखवणं, किंवा 'हे अटळच होतं' म्हणणं, यांनाही ते स्पष्टीकरण मानत नाहीत. रुग्ण कर्करोगानं मरणारच होता, पण आज तो मोटारीखाली सापडून गेला. कर्करोग अटळ होता, पण मृत्यूचं कारण मोटार.

८. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' यात एवढं तत्त्वज्ञान काय आहे?

१९८३ च्या 'सावर ग्रेप्स'चा विषय हाच. सुख मोजून धोरण ठरवणाऱ्या उपयुक्ततावादाला त्यात पेच घातला आहे. लोकांना हवं ते मिळालं की समाधान, असं म्हणायचं. पण मिळत नाही म्हणून 'हवं'च आपोआप आकसलं असेल तर? मग समाधान वाढवायला द्राक्षं द्यायची गरजच उरत नाही.

याचं टोचणारं भारतीय उदाहरण अमर्त्य सेन देतात. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर इथे विधुर आणि विधवांना प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. आपण आजारी आहोत किंवा तब्येत बेताची आहे असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवांची तब्येत ठणठणीत होती असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. तक्रार करण्याची अपेक्षाच मेली होती.

आता फरक नीट पाहा, कारण इथेच गफलत होते. कोल्हा खरं तर 'द्राक्षं आंबट आहेत' असं म्हणतो. म्हणजे त्याची आवड बदललेली नाही, समजूत बदलली आहे. 'मला गोड आवडतच नाही' असं तो म्हणाला असता तर ती आवड बदलल्याची खूण. एल्स्टरनी शीर्षक गोष्टीतून घेतलं, पण मुख्य विषय हा दुसरा प्रकार आहे, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे.

आवड अनुभवातून बदलली की लाचारीतून, हे कसं ओळखायचं? पर्याय पुन्हा खुला करून बघा. खेड्यातून शहरात गेलेला माणूस दोन्हीकडे राहून 'शहरच बरं' म्हणत असेल, तर गावाची वाट मोकळी झाली काय, बंद झाली काय, त्याचं मत हलणार नाही. ते शिकणं झालं. वाट बंद असताना 'नकोच', उघडताच 'हवं', आणि पुन्हा बंद होताच 'नकोच' असा झोका बसत असेल तर ती आंबट द्राक्षं.

उलटी यंत्रणाही आहेच: जे मिळत नाही तेच हवंसं वाटणं. दुरून डोंगर साजरे. कोण कुठल्या बाजूला झुकेल, याचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे, म्हणजे आधी सांगता येत नाही.

९. मग आहे त्यात समाधान मानावं असं संतांनी सांगितलं, तीही आंबट द्राक्षंच का?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो, आणि चांगला आहे. एल्स्टर इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, आपल्या नकळत मनानं केलेली तडजोड. दुसरी, जाणूनबुजून स्वतःच्या इच्छांना वळण लावणं, ज्याला ते चारित्र्याची आखणी म्हणतात. उदाहरणं म्हणून ते प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक पंथ, बौद्ध आणि डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा विचार यांचा उल्लेख करतात. दुसऱ्या प्रकारात माणसाची स्वायत्तता शाबूत राहते, कारण काय सोडतोय हे त्याला ठाऊक असतं.

एक खूणही ते देतात. नकळत झालेली तडजोड बहुधा न मिळालेल्याला नावं ठेवते. जाणीवपूर्वक साधना असलेल्याचं मोल वाढवते. वारकरी परंपरेतल्या समाधानाबद्दल एल्स्टरनी काही लिहिलेलं नाही, पण ही खूण लावून पाहायला हरकत नाही. एकाच उपदेशातून एकाला साधना मिळेल आणि दुसऱ्याला फक्त गप्प बसायचं कारण.

१०. उद्यापासून व्यायाम करायचं ठरवतो आणि उद्या करत नाही. हा नुसता आळस का?

आळस म्हटल्यानं काही उलगडत नाही. भविष्यातल्या लाभाची किंमत मन कशी घटवतं ते पाहा. आज १०० रुपये की उद्या ११०? बरेच जण आज घेतात. तीस दिवसांनी १०० की एकतीस दिवसांनी ११०? तेच लोक एकतिसावा दिवस निवडतात. अंतर दोन्हीकडे एकच दिवसाचं.

घट दर दिवशी ठरावीक टक्क्यांनी होत असती तर हे झालं नसतं. रोज ५ टक्के घट धरली तर उद्याच्या ११० ची आजची किंमत १०४.५०, म्हणजे थांबणं बरं, आणि ते कायम बरं. पण मानसशास्त्रज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी दाखवलेली घट वेगळी आहे: रक्कम भागिले (१ अधिक क गुणिले दिवस). यातला क म्हणजे माणसाच्या अधीरपणाचं माप. तो ०.२ धरा. उद्याचे ११० आज ९१.६७ वाटतात, म्हणून हातातले १०० जिंकतात. तीस दिवसांनंतरचे १०० आज १४.२९ आणि एकतिसाव्या दिवसाचे ११० आज १५.२८, म्हणून थांबणं जिंकतं. तिसावा दिवस उजाडला की पारडं पुन्हा उलटतं. तुमचा कालचा निश्चय खोटा नव्हता. काल तो खरोखरच फायद्याचा दिसत होता. क ची किंमत इथे हिशेबासाठी घेतली आहे, माणसागणिक ती बदलते.

११. युलिसिसनं स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. आपण काय करायचं?

ग्रीक कवी होमरच्या गोष्टीत सायरन्सचं गाणं ऐकून खलाशी भुलतात आणि जिवाला मुकतात. ते गाणं ऐकूनही वाचावं म्हणून युलिसिस आधीच स्वतःला बांधून घेतो. 'युलिसिस अँड द सायरन्स' (१९७९) या ग्रंथाचा गाभा हाच: दुबळेपणा माहीत असलेला माणूस आजच्या शहाणपणानं उद्याचे हात बांधतो. एल्स्टरच्या अटी कडक आहेत. नुसता निश्चय म्हणजे स्वबंधन नव्हे. बाहेरच्या जगात काहीतरी घडवून आणावं लागतं. आज ते बंधन घालताना होणारा विरोध उद्याच्या मोहापेक्षा कमी असावा लागतो. आणि ती कृती असावी लागते, काही न करणं पुरत नाही.

मार्ग अनेक आहेत. पर्यायच काढून टाकणं: घरात बाटली न ठेवणं. किंमत वाढवणं: डायसल्फिराम हे औषध घेतलं असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड असा त्रास होतो, आणि औषध थांबवल्यावरही काही दिवस परिणाम राहतो. उशीर घालणं: पैसे मुदत ठेवीत अडकवणं. मोहाच्या खुणांपासून दूर राहणं: ज्या टपरीवर सिगारेट पेटते तो रस्ताच टाळणं. सर्वांत टोकाचा नमुना अमेरिकेत डेन्व्हरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातला: कोकेनच्या आहारी गेलेला डॉक्टर परवाना मंडळाच्या नावे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली लिहून केंद्राकडे ठेवतो. पुन्हा व्यसन सापडलं की पत्र टपालात.

होमरच्या गोष्टीतली एक गोष्ट सहसा निसटते. युलिसिसनं स्वतःला बांधून घेतलं, पण खलाशांच्या कानांत मेण त्यानं घातलं. त्यांचं ते स्वबंधन नव्हतं. हा फरक प्रश्न १३ मध्ये लागणार आहे.

१२. स्वबंधन फसतं कुठे?

मुख्यतः दोन ठिकाणी. बंधन सैल असेल तर मोहाच्या क्षणी माणूस अपवाद शोधतो: आज लग्न आहे, आज पाऊस आहे. बंधन घट्ट असेल तर खऱ्या संकटातही सुटत नाही: मुदत ठेव मोडता येत नाही आणि घरात कोणी दवाखान्यात आहे. योग्य अपवाद आधी लिहून ठेवावेत, तर ती यादीच पळवाट बनते. दोहोंच्या मधलं सूत्र एल्स्टर देत नाहीत, आणि देता येईल असं वाटतही नाही.

१३. राज्यघटना म्हणजे राष्ट्रानं स्वतःला घातलेलं बंधन, असं एल्स्टर म्हणतात ना?

म्हणत होते. १९७९ मध्ये. २००० साली 'युलिसिस अनबाउंड'मध्ये त्यांनी ही उपमा बव्हंशी मागे घेतली. उत्तरपत्रिकेत फक्त पहिलं मत लिहिणं ही नेहमीची चूक आहे. मत बदलण्याचं श्रेय ते नॉर्वेचे इतिहासकार येन्स आरूप सेइप यांना देतात. त्यांचा मुद्दा असा: राजकारणात कोणी स्वतःला बांधत नाही, दुसऱ्यालाच बांधतो. आजचं बहुमत उद्याच्या बहुमताच्या कानांत मेण घालतं.

अस्सल स्वबंधन क्वचित दिसतं. मे १७९१ मध्ये फ्रान्सच्या संविधान सभेनं क्रांतिकारी नेता रोबेस्पिएर याच्या प्रस्तावावर ठराव केला की या सभेतल्या कोणालाही पुढच्या विधिमंडळात निवडून जाता येणार नाही.

संविधान सभांवरचं त्यांचं काम इथून पुढे वाढत गेलं. अमेरिकेची राज्यघटना लिहिणारी फिलाडेल्फियाची सभा (१७८७) बंद दाराआड चालली, फ्रान्सची पॅरिसमधली (१७८९) प्रेक्षकांसमोर. दार उघडं असलं की स्वार्थाची मागणीही लोकहिताच्या भाषेत करावी लागते, आणि एकदा तसं बोललं की थोडंफार तसं वागावंही लागतं. याला ते ढोंगाची सुसंस्कृत करणारी शक्ती म्हणतात. पण उघड्या दाराची किंमतही आहे: जाहीर बोललेलं मत मागे घेणं नामुष्कीचं होतं, म्हणून माणसं अडून बसतात. भारताच्या संविधान सभेत दोन्ही होतं. राजेंद्र प्रसादांनी समारोपात सांगितल्याप्रमाणे ५३,००० लोकांनी प्रेक्षक सज्जातून कामकाज पाहिलं, तर समित्यांचं काम, आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीसह, आत चाललं.

१४. प्रयत्न केला की झोप उडते. याबद्दलही त्यांनी लिहिलंय म्हणे?

हो, 'सावर ग्रेप्स'मध्येच. काही अवस्था अशा असतात की त्या फक्त दुसरं काही करताना आपसूक येतात. ठरवून गाठायला गेलं की निसटतात. झोप, विसरणं, सहजता, समोरच्यावर छाप पडणं. विसरायचा प्रयत्न करणारा ती गोष्ट सतत आठवत राहतो, कारण विसरायचं काय हे लक्षात ठेवावं लागतं.

झोपेची गोळी हा अपवाद आहे का? अर्धा. थेट इच्छेनं झोप येत नाही, पण आडवळणाचं साधन चालतं, आणि एल्स्टर ते मान्य करतात. मात्र काही ठिकाणी आडवळणही चालत नाही. दुसऱ्यावर छाप पाडायची असेल आणि तो प्रयत्न त्याला दिसला, की संपलं.

राजकारणातला उपयोग जास्त महत्त्वाचा. 'लोकसहभागामुळे नागरिक घडतात' हे खरं असेल, पण नागरिक घडावेत एवढ्याचसाठी घेतलेली सभा पोकळ ठरते. सभेत काहीतरी खरोखर ठरायचं असेल तरच लोक घडतात.

१५. सामाजिक प्रमाणकं म्हणजे दडलेला फायदाच नाही का?

एल्स्टरचं उत्तर: नाही. तर्कसंगत कृतीची नजर परिणामावर असते, प्रमाणकाची, म्हणजे समाजात रूढ झालेल्या वागणुकीच्या नियमाची, नसते. 'असं करायचं' किंवा 'असं करायचं नाही', एवढंच ते सांगतं. १९८९ च्या एका लेखातलं त्यांचं उदाहरण अमेरिकी उपनगरातलं आहे. एक गृहस्थ हिरवळ कापायला शेजारच्या मुलाला १० डॉलर देईल, पण ११ मागितले तर स्वतः कापेल. म्हणजे त्याच्या अर्ध्या तासाची किंमत ११ डॉलरपेक्षा जास्त नाही. आता त्यालाच शेजाऱ्याची तेवढीच हिरवळ कापायला २० डॉलर देऊ केले, तर? तो नाही म्हणेल, वर रागावेलही. हिशेबानं २० घ्यायला हवे होते. आड आलं ते प्रमाणक: आपल्यासारख्या मोठ्या माणसानं शेजाऱ्याकडे मजुरी करायची नसते.

प्रमाणक मोडणाऱ्याला लोक शिक्षा करतात म्हणून ते पाळलं जातं, हेही पुरत नाही. शिक्षा करणाऱ्याला ती करायला काय लावतं? त्याचं उत्तर ते भावनेत शोधतात: पाहणाऱ्याला तिरस्कार, मोडणाऱ्याला लाज. रांगेत पुढचा नंबर पैसे देऊन विकत मागून पाहा, म्हणजे कळेल.

१६. माझ्या एका मतानं निकाल बदलत नाही. मग मतदान अतार्किक का?

निव्वळ निकाल बदलण्यासाठी असेल तर हो. पण 'सगळ्यांनीच असं केलं तर?' या प्रश्नानं बरेच जण बाहेर पडतात. काही जण 'इतर करतायत, मग मी का नको' म्हणून. काहींच्या डोक्यात जादूई विचार असतो: मी गेलो तर माझ्यासारखे सगळे जातील, जणू माझं जाणं त्यांच्या जाण्याचं कारण आहे. मतदारांच्या रांगेत हे सगळे मिसळलेले असतात. म्हणून एकच कारण शोधणारं संशोधन फसतं.

१७. मार्क्सवादी असून मार्क्सवर एवढी टीका का?

'मेकिंग सेन्स ऑफ मार्क्स' (१९८५) वाचून हा प्रश्न पडतो. जी. ए. कोहेन, जॉन रोमर यांच्यासह ते विश्लेषक मार्क्सवाद्यांच्या, म्हणजे मार्क्सचे दावे आधुनिक तर्कशास्त्र आणि समाजशास्त्रांच्या कसोटीवर तपासणाऱ्यांच्या, सप्टेंबर गटात होते. १९९३ मध्ये बाहेर पडले. त्यांचा रोख कार्यवादी स्पष्टीकरणावर होता: 'अमुक गोष्ट सत्ताधारी वर्गाच्या फायद्याची आहे, म्हणून ती आहे.' फायदा हा परिणाम झाला. परिणाम स्वतःच्या आधी कसा येईल?

असं स्पष्टीकरण कधी चालेल, याच्या पाच अटी ते देतात. गोष्टीचा तो परिणाम खरोखर होत असावा. तो गटाला फायद्याचा असावा. करणाऱ्यांनी तो हेतूनं साधलेला नसावा. गटाला तो संबंध कळलेला नसावा. आणि त्या परिणामामुळेच ती गोष्ट गटामार्फत टिकून राहते असा परतीचा दुवा दाखवता यावा. पाचवी अट जवळजवळ कोणीच पूर्ण करत नाही. मार्क्सनं म्हटलं होतं की खालच्या वर्गातली हुशार माणसं वर घेतल्यानं भांडवलाची सत्ता बळकट होते. होत असेल. पण म्हणूनच त्यांना वर घेतलं जातं, हे त्यातून निघत नाही.

१८. रागाच्या भरात केलेली कृती तर्कसंगत असू शकते का?

सहसा नाही, पण कारण लोक समजतात ते नाही. राग माणसाला फक्त अधीर करत नाही, तो घाई लावतो. एल्स्टर या दोन गोष्टी वेगळ्या करतात. अधीर माणसाला फळ लवकर हवं असतं. घाईत असलेल्याला कृती लवकर हवी असते, मग फळ थांबून जास्त मिळणार असलं तरी. घाईचा पहिला फटका प्रश्न ३ मधल्या तिसऱ्या पायरीला बसतो: पुरावा गोळाच होत नाही.

दुसरं म्हणजे भावना ओसरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींना साथ देणाऱ्यांवरच्या खटल्यांत, आधी उभे राहिलेल्यांना तशाच गुन्ह्यासाठी नंतरच्यांपेक्षा जड शिक्षा झाल्याचं त्यांनी अनेक देशांत दाखवलं आहे. कारणं एकाहून जास्त आहेत. राग निवणं हे त्यांतलं एक.

१९. शेवटी एल्स्टर तर्कसंगत निवडीच्या विरोधात गेले का?

विश्वास आटला, साधन टाकलं नाही. १९८६ मध्ये त्यांनी याच नावाचा लेखसंग्रह संपादित केला होता. २००० नंतर मात्र गणिती प्रारूपांच्या मोठ्या भागाला ते 'कठीण धूसरवाद' म्हणू लागले. 'मऊ धूसरवाद' हा शब्द त्यांनी भारदस्त पण निरर्थक गद्यासाठी राखला होता. गॅरी बेकर आणि केविन मर्फी यांनी १९८८ मध्ये मांडलेला 'तर्कसंगत व्यसना'चा सिद्धांत, म्हणजे व्यसनी माणूसही पुढचे परिणाम मोजूनच वागतो हा दावा, हे त्यांचं आवडतं लक्ष्य. तरीही माणूस कुठे आणि कसा चुकला हे सांगायला आधी सरळ रेघ लागते, म्हणून प्रश्न ३ ची पट्टी ते शेवटपर्यंत वापरतात.

२०. वाचायला कुठून सुरुवात करू?

'नट्स अँड बोल्ट्स फॉर द सोशल सायन्सेस' (१९८९). लहान आहे, प्रकरणं सुटी वाचता येतात. मग 'एक्सप्लेनिंग सोशल बिहेविअर', पण २०१५ ची सुधारित आवृत्ती घ्या. २००७ च्या आवृत्तीतून पृष्ठक्रमांक दिलेत तर तसं नमूद करा. 'युलिसिस अँड द सायरन्स' पहिल्यांदा उघडू नका. त्यातलं दुसरं प्रकरण मात्र सुटं वाचावं.

२१. वेडसर असण्याचाही फायदा होतो. समोरचा घाबरतो आणि माघार घेतो. मग वेडं वागणंच तर्कसंगत नाही का?

दोन गाड्या समोरासमोर धावतायत आणि जो वळेल तो हरला. एकानं सर्वांदेखत स्टिअरिंग काढून फेकलं तर दुसऱ्याला वळावंच लागतं. हे वेड नाही. हे प्रश्न ११ मधलं स्वबंधन आहे, फक्त मोहाऐवजी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध वापरलेलं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी हे आधी दाखवलं होतं.

खरोखर तापट असलेल्या माणसाला वाटाघाटीत झुकतं माप मिळतं, हेही खरं. पण तो फायदा डोळ्यासमोर ठेवून तापट होता येत नाही. हिशेबानं चिडणारा माणूस हिशेब बदलला की शांत होतो, आणि हे समोरच्याला एकदा कळलं की धाक संपला. अस्सल संतापाचा लाभ प्रश्न १४ मधल्या झोपेसारखा आहे. शिवाय त्या माणसाशी व्यवहार करायलाच लोक टाळू लागतात, आणि प्रत्येक वाटाघाट जिंकणाऱ्याला पुढे वाटाघाटीला कोणी मिळत नाही.